चौदा की साडेपंधरा

३ जून

तीन स्क्रीन कापल्या! खाकी कागदाच्या — शर्टाचे खाके काढते त्याच कागदाच्या. एक तेरा इंच, एक चौदा, एक साडेपंधराच्या वर सूतभर. आलटून पालटून शिलाई मशीनवर टेकवते आणि समोर बसून राहते. काहीच दिसत नाही, आणि सगळं दिसतं.

लॅपटॉप कशासाठी ते या वहीलाच ठाऊक. कपड्यांचं डिझाइन शिकायचं, एक वर्ष, वसतिगृहात राहून. प्रवेश मिळाल्याचं पत्रही आलंय, मशीनच्या खणात दडवलंय. एक ऑगस्टला हजर व्हायचं. ह्यांना एवढंच सांगितलंय की घरबसल्या काहीतरी शिकेन म्हणते, रोजच्या वापरालाही होईल. थाप नाही. अर्धंच खरं, बस्स.

५ जून

साडेपंधराचा खाका केवढा तो — चहाचा ट्रेच! संध्याकाळी हे दुकानातून आले. काचा कापतात, फ्रेमा करतात, मापाला पक्का माणूस. खाका बघितला आणि हसतच सुटले. "अगं, स्क्रीन आडवी नाही मोजत! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत!"

बावीस वर्षं टेप गळ्यात घालून बसलेय, आणि पाठ मोजावी तशी स्क्रीन मोजली! मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनीच पट्टी घेऊन नवे खाके आखून दिले. साडेपंधराचा उचलून म्हणाले, "हाच घे. टेबलावर छान राहील. संध्याकाळी दोघं मिळून काहीतरी बघू." मी मान डोलावली. मनात चौदाचा.

८ जून

दुपारभर काम सुचेना. चौदाचा कागद खिडकीत उभा केला आणि त्यात एक खोली दिसायला लागली. पलंग, भिंतीला टेकवलेलं टेबल, बाहेर कुठलंसं झाड. "झाला का हो माझा ड्रेस?" विचारणारं कुणी नाही. मी पेन्सिल घेऊन बसलेय आणि कॉलरचा बाक काढतेय, नुसताच, कुणाच्याही गळ्यासाठी नाही. कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या शाळेतल्या बाईंनीच या कोर्सचा फॉर्म आणून दिला होता. म्हणाल्या होत्या, "तुमच्या हाताला सगळं येतं हो, तुम्हालाच ते माहीत नाही."

बाही उलटी जोडली गेली. सगळी उसवावी लागली.

९ जून

आज सांगणारच होते. नाही सांगितलं.

१२ जून

लॅपटॉपच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "रोज नेणार-आणणार, की एका जागी ठेवणार?"

"एका जागीच," हे म्हणाले.

दोन्ही उचलून पाहिले. चौदाचा सहज काखेत बसला, वहीसारखा. मोठा जड, पण चित्र कसं ऐसपैस! मुलगी म्हणाली, "यावर दोन पानं शेजारी शेजारी उघडता येतात, अभ्यासाला बरं." लगेच हे, "बघ! तुझे डोळेही दुखणार नाहीत." बरोबरच होतं. त्यांचं बरोबर असल्याचाच राग आला!

विचार करून सांगतो म्हणून निघालो. रस्ताभर ह्यांचं चालूच — टेबल खिडकीशी घेऊ, दोन खुर्च्या मावतील, एक उशी तुझ्या पाठीला. इतकं बोलत नाहीत हे एरवी.

१५ जून

ठरलं. मोठाच घ्यायचा, आणि तिकडे नकार कळवायचा. घरात माणसं दोन. त्यातल्या एकानं उठून जायचं म्हणजे दुसऱ्यानं जेवायला कुणासमोर बसायचं? ह्यांना म्हटलं, "तुम्ही म्हणता तोच घेऊ, साडेपंधराचा." हे उठून हात धुवायला गेले. मला वाटलं, खूश होतील.

चौदाच्या कागदाकडे बघितलं. आज कागदच दिसला.

१६ जून

हे एकटेच जाऊन लॅपटॉप घेऊन आले. चौदाचा!

"अहो, मोठा ठरला होता ना?"

खोका माझ्या हातात दिला. चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वसतिगृहातल्या टेबलावर मोठा मावायचा नाही."

म्हणजे पत्र वाचलं होतं ह्यांनी. वाचलं होतं, आणि तरी इतके दिवस मोठा घे, मोठा घे म्हणत होते.