बारावी बदली

३ मार्च, सकाळी ६.००
काल निवृत्त झालो. फौजेत सव्वीस वर्षं एकाच शेजारी देशाचा अभ्यास केला. त्यांची भाषा, दोन बोली, सेनापतींच्या व्याह्यांची नावं, कुठल्या पुलावरून किती वजनाचा ट्रक जातो, सगळं तोंडपाठ. अशा माणसाला प्रदेशतज्ज्ञ म्हणतात आणि असा माणूस बाजारात रोज येत नाही. कंपन्यांना अजून बातमी लागलेली नसावी, कारण फोन आला नाही.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. आज सहाला उठलो, पण पहिला दिवस धरायचा नसतो.

५ मार्च
सोसायटीचा फॉर्म भरला. माझ्या व्यवसायाला रकाना पुरेना, वेगळा कागद जोडला. पत्नीचा व्यवसाय: काही नाही. अकरा बदल्यांत अकरा वेळा हेच लिहिलंय, आता पेन आपोआप चालतं. बायको मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, अक्षर छान आहे तुमचं. आहेच.

९ मार्च
बायोडेटा तयार. चार पानं. करिअर सल्लागार बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या की नऊपैकी सात कामांपुढे ‘सांगता येत नाही’ लिहिलंय, मग कंपनीने वाचायचं काय? मी म्हटलं, त्यातच तर वजन आहे. बाई पाणी प्यायल्या. उरलेल्या दोनांत एक व्हॉलीबॉल संघाचं व्यवस्थापन आहे, त्याखाली त्यांनी लाल रेघ मारली. सिव्हिलियन माणसाला मुद्दा कळायला वेळ लागतो.

१६ मार्च
पाचला उठणे रद्द. शत्रूच नसेल तर पाचला उठून करायचं काय?
खरं सांगायचं तर दिवसा घरात करमत नाही. बायको झाडू घेऊन आली की पाय वर घ्यावे लागतात. गणवेश नसला की आरशात कुणी दुसराच गृहस्थ दिसतो आणि तो मला आवडत नाही. लवकर काम मिळायला हवं.

१९ मार्च, दुपारी ४.३०
पहिला इंटरव्ह्यू. लोकांचं घरसामान एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवणारी कंपनी. नव्या शाखेला विभागप्रमुख हवाय. म्हणजे प्रदेश आला. म्हणजे मीच.
समोर मॅनेजर बाई, वय पस्तिशीचं. त्यांनी विचारलं, तुमच्या उणिवा कोणत्या? मी सांगितलं, समोरच्या पक्षाला उणिवा सांगायची आमच्यात पद्धत नाही. मग विचारलं, सोमवारी गोदामात पाणी शिरलं तर गाड्या सोडाल की थांबवाल? मी तीन शक्यता मांडल्या, प्रत्येकीच्या दोन उपशक्यता. त्या म्हणाल्या, सोडाल की थांबवाल, एवढंच सांगा. मी म्हटलं, निर्णय वरचे घेतात, आम्ही अंदाज देतो.
शेवटी त्या म्हणाल्या, सांगता येईल असं काहीतरी सांगा. मी हुकमाचं पान काढलं: अकरा बदल्या, अकरा घरं, एकही कप फुटला नाही. बाई एकदम सरळ बसल्या. सामान कोण बांधायचं? मी म्हटलं, बायको, मी पुढे गेलेला असायचो. त्यांनी बायकोचा नंबर लिहून घेतला. चारित्र्य-पडताळणी असणार.
अंदाज: निवडीची शक्यता ८५ टक्के.

२४ मार्च
कंपनीकडून काही नाही. मोठ्या निर्णयाआधी शांतता असते, हे मी तिकडे अनेकदा पाहिलंय. शक्यता ९० टक्के.

२७ मार्च
घरात संशयास्पद हालचाली. बायको गॅलरीत जाऊन फोनवर बोलते. कानावर आलेले शब्द: आधी काचेचं, मग पुस्तकं, गाद्या शेवटी. काल दहा ते एक बाहेर. परतली तेव्हा हातात फाइल, पायात नवे बूट.
सव्वीस वर्षांचा अनुभव उगाच नाही. सगळे धागे जुळवले: माझ्या नेमणुकीची बातमी तिला आधी कळली आहे आणि ती गुपचूप समारंभाची तयारी करते आहे. काचेचं म्हणजे पाहुण्यांचे ग्लास. गाद्या म्हणजे मुक्कामाला येणारे. खात्री: पूर्ण.

३० मार्च
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आई काय सांगतेय ते जरा ऐका. म्हणजे तीही कटात सामील. मी हसलो आणि म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे. ती म्हणाली, मग इतके शांत कसे? प्रशिक्षण, म्हटलं.
बायको आज तीनदा खोलीत आली आणि अहो ऐका ना, म्हणाली. तिन्ही वेळा हात वर करून थांबवलं. बिचारीचं सरप्राइज फुकट जायला नको. आभाराचं भाषण लिहितोय, दीड पान झालं.

२ एप्रिल
पाकीट आलं. कंपनीचं. सही करून घेतलं आणि भाषण खिशात आहे ना बघितलं. पाकिटावर आडनाव आमचंच. नाव बायकोचं.
विभागप्रमुख. पंधरा तारखेला रुजू व्हायचं, दुसऱ्या शहरात.
ती म्हणाली, तीनदा सांगायला आले होते. मी म्हटलं, मला अंदाज होताच. तिने चहा दिला, बिस्किटं दोन जास्त ठेवली. मला फार वाईट वाटलं. कशाचं ते नक्की सांगता येत नाही.

११ एप्रिल
या वेळी ती पुढे जाणार, मागचं मी बघायचं. तिने यादी दिली: बेचाळीस खोकी, प्रत्येकाला नंबर, कशात काय, कशावर काय ठेवायचं नाही. असा पक्का आराखडा मी आमच्या मुख्यालयातही पाहिला नव्हता. हे तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.
सकाळी खोकं नंबर एक बांधलं. एक कप फुटला.

१२ एप्रिल, सकाळी ११.००
नव्या घरमालकाचा फॉर्म आला. भाडेकरूच्या जागी तिचं नाव, व्यवसाय विभागप्रमुख. खालचा रकाना: पतीचा व्यवसाय. बराच वेळ पेन धरून बसलो. ती खोक्यांवर नंबर घालत होती. विचारलं, इथे काय लिहू? वर न बघता म्हणाली, आजवर माझ्या रकान्यात काय लिहीत होतात?
लिहिलं.
तिने येऊन वाचलं. म्हणाली, अक्षर छान आहे तुमचं.