बिनखळीचा शर्ट

गुरुवार, २९ ऑक्टोबर
सकाळच आहे, पण धुक्यामुळे किती वाजले ते विचारू नकोस

प्रिय ताई,

तिने गळ्याभोवतीचा मफलर सोडला, मान उजवीकडे वळवली आणि म्हणाली, ‘हे बघा.’ त्या क्षणी माझं सगळं बदललं.

थांब, आधी नमस्कार. तू बरी असशील, भाऊजी बरे असतील, चिमणीचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. हे सगळं नीट विचारून मग मुद्द्यावर यायचा धीर माझ्यात कधीच नव्हता. तू मला लहानपणी उगाच ‘रॉकेल’ म्हणत नव्हतीस.

शनिवारबद्दल शेवटी लिहितो. नक्की लिहितो.

पहाटेपासून इथे असं धुकं पडलंय की समोरची इमारत कुणीतरी रात्रीतून उचलून नेली असावी. माझा टॉवेल काल ओला होता, आज जास्त ओला आहे. गॅस पेटवायला निम्मी काडेपेटी खर्ची पडली. दूध आणायला खाली उतरलो तर कोपऱ्यावर दोन सायकलवाले एकमेकांना दिसत नाहीत म्हणून जिवाच्या आकांताने घंट्या वाजवत येत होते. शेवटी चाकाला चाक भिडवून थांबले आणि ‘तुम्ही व्हा पुढे’, ‘छे छे, तुम्ही व्हा’ सुरू झालं. कुणी पुढे होईना, कारण पुढे काय आहे ते दोघांनाही दिसत नव्हतं. परत येताना मी एका टपालपेटीला ‘जरा सरका हो’ म्हणालो, हे कुणाला सांगू नकोस.

पण मजाही होती. झाडांची पानं गळून रस्त्याला चिकटली आहेत, चालताना आवाजच होत नाही. चौकातल्या घड्याळाचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे उशीर झालेला असूनही उशीर झाल्यासारखं वाटेना. आणि खोलीखालच्या आमच्या लाँड्रीचं दार उघडल्यावर आतली ऊब जी अंगावर येते ना, साबणाचा वास, बॉयलरची घरघर, टेबलावर वाफाळणारा चहा! पाच मिनिटं मी नुसता कप धरून उभा होतो. मावशी ओरडल्या, ‘कप पी की त्याच्याशी लग्न लाव, पण हल तिथून!’

मावशी म्हणजे मालकीणबाई. सगळी गल्लीच त्यांना मावशी म्हणते. आज त्या धुक्याला अशा शिव्या घालत होत्या की जणू शेजारणीनेच ते मुद्दाम सोडलं होतं. त्यांचंही बरोबर आहे. मागच्या अंगणात कालपासून चादरी लोंबतायत आणि एकही वाळत नाही.

आता तिच्याविषयी. मागच्या पत्रात मी नुसतं ‘ती’ लिहून पुढे पानभर जळफळाट केला होता, तुला काही कळलं नसेल. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यांना आतून एका रंगाच्या दोऱ्याचे टाके घालतात, म्हणजे अदलाबदल होत नाही. तिचा दोरा निळा. नाव विचारायची छाती झाली नाही, म्हणून माझ्यापुरती ती निळा दोराच. दर सोमवारी पिशवी ठेवून जाते, गुरुवारी घेऊन जाते. बोलणं काय, तर ‘सुट्टे आहेत का?’ आणि ‘आहेत.’ यावर मी अख्खा उन्हाळा काढला, ताई.

मग ऑगस्ट संपता संपता तिच्या पिशवीत पुरुषाचे शर्ट यायला लागले. पांढरे, लांब बाह्यांचे, पुरुषी बटणपट्टीचे. सगळ्यांना निळा दोरा. मीच घातला, माझ्या हाताने!

तो माणूस कसा असेल ते मी इस्त्री करता करता ठरवून टाकलं. खालच्या आवाजात बोलणारा, दरवर्षी बढती मिळणारा, जेवून उठल्यावर ताट उचलून ठेवणारा. बाबांना हवा होता तसला मुलगा. डोकंच फिरलं. मारामारी करायला माणूस समोर नव्हता, शर्ट होते. मी त्या कॉलरींना अशी खळ पाजली की ते शर्ट हँगरशिवाय उभे राहिले असते. मावशींनी एकदा टिचकी मारून पाहिली. ‘अरे, शर्ट आहे की पत्रा?’ मी म्हणालो, ‘गिऱ्हाइकाला कडकच लागतं.’

आणि त्याच तिरीमिरीत मागच्या आठवड्यात तुला ते पत्र लिहिलं. त्याबद्दल शेवटी.

तर आज सकाळी दुकान उघडून जेमतेम बॉयलर तापला होता, तेवढ्यात धुक्यातून ती आली. चष्मा पार पांढरा झालेला, केसांवर दंव, पाठीला एक लांबट पेटी. म्हणाली, ‘माझा एक तरी शर्ट आत्ता हवाय. दहाला नव्या सभागृहात वाजवायचंय.’

मावशी म्हणाल्या, ‘बाई गं, सगळे दोरीवर ओले आहेत.’

‘ओला चालेल, पण कॉलर मऊ हवी. हे बघा.’ आणि तिने मफलर सोडला.

डाव्या जबड्याखाली दोन लाल वळ होते. एक जुना, एक ताजा. ‘व्हायोलिन इथे टेकतं. मधे तुमची कॉलर. मला वाटलं मीच चुकीचं धरते, म्हणून दोन महिने मान वाकडी करून वाजवतेय. आमचे मास्तर म्हणतात, बाई, तुम्ही वाजवताय की दार कुठे वाजलं ते ऐकताय? कोण करतं हे काम?’

मावशींनी एक क्षण वाया घालवला नाही. ‘हा. आमचा कॉलेजवाला.’

माझ्या हातात इस्त्री होती. मी विचारलं, ‘म्हणजे... हे शर्ट तुम्ही घालता?’

‘मग काय खुर्चीला घालते? आमच्या वाद्यवृंदात आजवर सगळे पुरुषच होते. गणवेश एका मापाचे शिवून ठेवलेत. मी म्हटलं बाईच्या मापाचे द्या, तर म्हणाले पुढच्या वर्षी बघू.’

‘मग ह्याला काय वाटलं होतं?’ मावशी.

गप्प बसायचं होतं, ताई. गप्प बसणं किती सोपं असतं, लोक रोज बसतात. पण माझं तोंड माझ्या आधी धावतं. ‘मला वाटलं, तुमच्या मिस्टरांचे.’

तिने चष्मा काढला, मफलरने पुसला, परत घातला आणि उन्हाळ्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

‘समजा, असते मिस्टर. मग त्यांचा गळा चिरायचा विचार होता?’

‘चिरायचा नाही,’ मी म्हणालो, ‘थोडं खरचटलं असतं तर चाललं असतं.’

आधी मावशी हसल्या, टेबलावर हात आपटून. मग ती हसली. हसताना वळ ताणला गेला तशी ‘आई गं’ म्हणाली, आणि तरी हसत राहिली. मग म्हणाली, ‘मिस्टर नाहीत.’ हे तिने मावशींना सांगितलं, मला नाही. पण सांगितलं, ताई!

मी अंगणात पळालो. दोरीवरचा एक शर्ट काढला, गरम पाण्यात चोळून चोळून त्याची सगळी खळ उतरवली, टॉवेलात गुंडाळून पिळला आणि वर पातळ कापड घालून इस्त्रीला घेतला. एवढी वाफ निघाली की बाहेरचं धुकं आत शिरल्यासारखं झालं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर मावशींचा चहा पीत बसली होती. चहा फार गोड आहे म्हणून तक्रार केली आणि दुसरा कप मागितला. मी कॉलर फिरवून फिरवून वाळवत होतो आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझा हात घाई करत नव्हता. शर्ट दिला तेव्हा तिने कॉलर गालाखाली धरून पाहिली. ‘हं,’ म्हणाली. आतल्या खोलीत जाऊन घालून आली, पेटी पाठीला लावली आणि दारातून वळून म्हणाली, ‘सोमवारी पाच आणते. खळ अजिबात नको.’ बाहेर पडली आणि लगेच दिसेनाशी झाली.

झालं, एवढंच. प्रेमाचा एक शब्द नाही. उद्या तिचं कुणाशी जमलेलं आहे असं कळलं तरी मला कुरकुर करायचा हक्क नाही. तरीही मी वर खोलीत येऊन खाटेवर पडलो आणि छताकडे बघून मोठ्याने हसलो. दोन महिने अंगावर कुणी ओली चादर टाकून ठेवली होती, ती काढून घेतली. तो सद्गृहस्थ जगात कुठेही नाही!

आता शनिवार.

मी लिहिलं होतं, ‘येतो. कॉलेजात परत बसतो. बाबा म्हणतील तसं करतो.’ ते पत्र मी लिहिलं नव्हतं, त्या कॉलरींनी लिहिलं होतं. पण तुला आणि बाबांना ते कसं कळावं? परवा तू फोनवर सांगितलंस की बाबांनी ऐकल्याबरोबर माळ्यावरून माझी खाट खाली काढली, आणि दुसऱ्या दिवशी चांगला कोट घालून प्राचार्यांना भेटून आले. तेव्हा मी ‘बरं’ एवढंच म्हणालो. तो कोट ते तुझ्या लग्नानंतर कुठे घालून गेले नव्हते.

मी येत नाही, ताई.

तू म्हणशील, एका मुलीपायी. हो, आहेच. पण कॉलर वाळवताना माझ्या लक्षात आलं की शनिवारी इथून गेलो असतो तर मला ह्या वाफेचीही आठवण आली असती, आणि वर्गातल्या कुठल्या बाकाची मला कधी आली नाही. सरांनी चारचौघांत पाणउतारा केला म्हणून मी कॉलेज सोडलं असं सगळ्यांना सांगितलं. ते निमित्त होतं. त्यांनी कौतुक केलं असतं तरी मी फार टिकलो नसतो. हे बाबांना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटतं, मुलगा रागावलाय, राग उतरला की येईल. म्हणून वाट बघतात.

मला वाटलं होतं, हे सगळं तुला लिहावं आणि नेहमीसारखं तू त्यांना सांगावंस. कॉलेज सोडल्यावर बाबांशी झालेल्या त्या भांडणानंतर तेच चाललंय ना? मी तुला सांगतो, तू त्यांना सांगतेस, ते तुला सांगतात. पण आत्ता लिहिता लिहिता कळलं की हे पत्र तुझ्या हातात सोमवारी पडेल. शनिवारी बाबा स्टेशनवर येऊन उभे राहतील. तोच कोट घालून. गाडी रिकामी होईल, ते शेवटच्या डब्यापर्यंत चालत जातील, आणि मग हमालाला विचारतील.

नको. तू त्यांना काही सांगू नकोस. आज गुरुवार, त्यांचं दुकान बंद, घरीच असतील. खालच्या फोनवर मावशी शब्द न् शब्द ऐकतील, म्हणून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जातो. मी काय बोलेन ते मला माहीत नाही. ते ओरडले तर मी भडकणार नाही, असं तुला वचन देत नाही. पण फोन ठेवणार नाही, एवढं देतो. त्यांनी ठेवला तर परत लावीन.

चिमणीला पापा. पत्र खिशात घालतो, फोन झाल्यावरच पेटीत टाकीन. जोडे ओले आहेत, तसेच चढवतो. धुकं अजून आहे तसंच आहे. निघालो, दार ओढून घेतो.

तुझा, आणि आजपासून त्यांचाही,
रॉकेल