बुधीला मुकी ठरवू नये म्हणून

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
शिक्षण विभाग, पंचायत समिती.

अर्जदार : श्रीमती सुचेता अनंत जोगळेकर, उपशिक्षिका, प्राथमिक शाळा, उंबराचीवाडी. राहणार कर्जत.

विषय : जेवताना उत्तर न दिल्याचा खुलासा, आणि इयत्ता पहिलीतील कु. बुधी हिला ‘मूक’ न ठरविण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, दि. १८ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१) “पानावर बसलीस की घासासाठी तोंड उघडायचं, शब्दासाठी नाही. चुकून बोललीस तर पान ठेवून उठायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही.” असे माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात सांगितले. त्यास एकवीस वर्षे झाली. सासूबाई आता नाहीत. दर चातुर्मासात नेम चालू आहे. माझ्या या नेमाचा शाळेच्या कामाशी आजवर संबंध आला नव्हता. तो कसा आला, ते नम्रपणे मांडते.

२) पहिली-दुसरीची माझी चौदा मुले पोषण आहाराची खिचडी खातात आणि मी त्यांच्याच पंगतीत माझा डबा उघडते. जुलैमध्ये दुसरीतला रुद्र ओट्याच्या कडेला उलटा चालू लागला, तेव्हा मी “अरे पडशील” म्हणाले आणि डबा मिटला. मुलांनी कारण विचारले, मी खरे ते सांगितले. तेव्हापासून मला उपाशी न ठेवण्याची जबाबदारी मुलांनी आपसांत वाटून घेतली आहे. रिया सर्वांना गप्प करते. रुद्र दारात बसतो. मानेने उत्तर देता येईल असेच प्रश्न मला विचारायचे, असा नियम त्यांनी केला आहे. त्याचा गैरफायदाही घेतला जातो. “बाई, उद्या गृहपाठ नाय ना?” हा प्रश्न नेमका माझ्या तोंडात घास असतानाच येतो.

३) दि. ७ ऑगस्ट रोजी मा. केंद्रप्रमुख साहेब आले, ते पंगतीच्या वेळीच. त्यांनी पटसंख्या विचारली. मी दोन्ही हातांची बोटे दाखवली, मग आणखी चार. साहेबांनी पुन्हा विचारले. तेव्हा रिया म्हणाली, “साहेब, बाईंना बोलाया लावू नका. बोलल्या का त्या उपाशी ऱ्हात्यात.” रुद्रने त्यांना “तुमी भायेर बसा, तितं वारा हाय” असे सांगून ओट्यावर पोते अंथरून दिले. साहेब अकरा मिनिटे पोत्यावर बसले. हा त्यांचा अवमान झाला असल्यास मी मनापासून क्षमा मागते. मुलांच्या मनात आदरच होता. ते पोते आम्ही पाहुण्यांसाठीच धुऊन ठेवतो.

४) नंतर साहेबांनी बुधीला नाव विचारले. बुधी आदिवासी वाडीवरची, सहा वर्षांची. जूनपासून तिने वर्गात एक शब्द उच्चारलेला नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि ओठ मिटून घेतले. साहेबांनी शेऱ्यात लिहिले, “शिक्षिका व विद्यार्थिनी दोघीही निरुत्तर.” त्यावरून आपण तीन आदेश दिले आहेत : मी यापुढे जेवताना बोलण्याची लेखी हमी द्यावी, सोमवारपासून माहिती भरण्याच्या कामासाठी कार्यालयात हजर व्हावे, आणि बुधीला त्याच दिवशीच्या दिव्यांग तपासणी शिबिरात पाठवून मूक असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे तिला निवासी शाळेत पाठवता येईल.

५) महोदय, बुधी बोलते. २२ जुलैला ती पंगतीत सरकत सरकत माझ्या गुडघ्याशी आली आणि हळूच म्हणाली, “बाई, तुलापन बोलाया बंदी हाय का गं?” मी मान हलवली. कशाला होकार दिला ते तेव्हा कळले नाही. त्या दिवसापासून ती रोज खिचडी संपेपर्यंत माझ्याशी बोलते. शेळीला झालेली दोन पिल्ले, भाताच्या खाचरातला खेकडा, तिच्या आईला खोपोलीच्या बाजारात मिळालेली एका पायाची चप्पल. मी डबा मिटला की तीही मिटते.

६) आता माझी अडचण. लेखी हमी मी देऊ शकते. नेम मोडल्याचा दोष मी घेईन, देवाला काय ते सांगेन. पण मी जेवताना बोलले, तर बुधीला कळेल की बाईंवर बंदी नव्हतीच, आणि ती तिच्या बंदीत एकटी उरेल. न बोलले, तर आदेशभंग होतो. कार्यालयात हजर झाले, तर ती ज्या एका माणसाशी बोलते ते शाळेत नसेल, आणि शिबिरात ती मुकीच ठरेल. आपल्या कार्यालयातील छायाताईंना मी फोनवर विचारले. त्या म्हणाल्या, “मॅडम, बोलते ना? मग पुरावा जोडा.” तिचे बोलणे टिपायला मी पंगतीत मोबाइल काढला. बुधीने खिचडी खाली ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा माझ्याजवळ बसली नाही.

७) बंदी कोणी घातली, हे सांगणे मला भाग आहे. बुधीची मोठी बहीण भाविका सात वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होती. पहिल्याच आठवड्यात तिने पावसाची गोष्ट तिच्या घरच्या बोलीत सांगितली. वर्ग हसला. महोदय, मीही हसले. मला ते गोड वाटले होते, पण तिला ते कसे कळावे? भाविका चौथीनंतर शाळेत आली नाही. बुधीचे नाव घातले तेव्हा तिने धाकटीला बजावले, “साळंत तोंड उघडू नको. बाईपन हासते.” हे मला बुधीनेच सांगितले, माझ्या डब्यातली भेंडी खाता खाता, माझ्यावर जराही न रागावता.

८) सबब विनंती की, शिबिरातून बुधीचे नाव वगळावे, हमीची अट मागे घ्यावी आणि माझी कार्यालयातील नेमणूक थांबवावी. पुरावाच हवा असेल तर आपण स्वतः एक दिवस शाळेत यावे. सोबत डबा आणावा. पंगतीत मांडी घालून बसावे आणि जेवण संपेपर्यंत कृपया काहीही बोलू नये. आपल्यावरही बंदी आहे अशी बुधीची खात्री पटली, तर ती आपल्याशी बोलेल असे वाटते. मोठ्या अधिकाऱ्यांना मौन धरण्यास सांगणे शोभत नाही, हे जाणून आहे. दुसरा मार्ग सुचत नाही.

९) आज दुपारनंतरची अर्ध्या दिवसाची किरकोळ रजाही मंजूर व्हावी. काल बुधीने विचारले, “भावीला सांगशील का, माजी बंदी उठव म्हनून?” मी मान हलवली, आणि या वेळी कशाला होकार देत आहे ते मला ठाऊक होते. भाविका शेलूजवळ एका बंगल्यावर कामाला जाते, तीनला सुटते. तिची माफी कागदावर मागता येत नाही, तिला वाचायची सवय राहिलेली नाही. हा अर्ज छायाताईंच्या टेबलावर ठेवून मी निघत आहे.

शाळेवरच राहू इच्छिणारी,
सुचेता अनंत जोगळेकर
दि. २१ ऑगस्ट २०२५, दुपारी १.४०