दाजींवरचं गाणं

मंचर,
१४ ऑक्टोबर २००७

ती. अंजनाताईस,
भरतचा नमस्कार.

तू बरी असशील. संस्कृती आता तिसरीत असेल. ओतूरला आई ठीक आहे, गुडघे दुखतात तेवढंच. सोयाबीन काढून झालं. तीन वर्षांत माझं हे पहिलंच पत्र, तेव्हा फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच.

माझ्या कामाचं आईनं सांगितलं असेलच. इथं एसटी स्टँडच्या मागं एका स्टुडिओत मी रेकॉर्डिंग करतो. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एक कॉम्प्युटर आणि एक कीबोर्ड. हायवेवरून ट्रक गेला की थांबायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. लग्नाची गाणी, भजनं, कांद्याच्या औषधाच्या जाहिराती. गाणारा गातो, मी मागं संगीत भरतो, आवाज साफ करतो. रोज दहा-दहा तास तेच. घरी गेल्यावर कुणी बोललेलंसुद्धा नको वाटतं.

रॅप पार सुटलं. ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर माझं नाव गायकांच्या वर असायचं, ते अजून लोकांच्या लक्षात आहे. का सोडलं, विचारतात. मी सांगतो, घसा गेला, डॉक्टर नको म्हणाले. आईलाही हेच सांगितलंय.

घशाला काही झालेलं नाही, ताई.

तुला ठाऊकच आहे, पण मी तोंडानं कधी कबूल केलं नाही. दाजी बोलताना अडखळतात, ते मी रॅपमध्ये घेतलं. ‘दा-दा-दाजी निघाले बा-बा-बाजारा.’ ठेक्यात असं बसायचं की शिट्ट्या थांबायच्या नाहीत. गावोगाव वन्समोअर. मी मनाशी म्हणायचो, नाव कुठं घेतलंय? बेल्ह्याच्या जत्रेनंतर तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी म्हटलं होतं, दाजी गर्दीत आहेत हे मला कळलंच नाही.

खोटं होतं ते. मला स्टेजवरून दाजी दिसले होते. संस्कृती खांद्यावर होती. ते दिसल्यावर मी ते कडवं दोनदा म्हटलं. लोक मागत होते म्हणून.

पुढं बैलबाजारात व्यापारी दाजींना त्याच ओळीनं हाका मारायला लागले आणि दाजींनी बाजारात जाणंच सोडलं, हे आईकडून कळलं. त्यानंतर मी दोन कार्यक्रम केले. शब्द यायचे, पण म्हणवत नव्हतं. मग इथं येऊन बसलो. इथं आपण तोंड उघडायचं नसतं, हे बरं वाटलं.

गेल्या मंगळवारी दाजी इथं आले होते. तुला त्यांनी सांगितलं नसेल.

तुमच्या गावच्या भजनी मंडळाची सीडी करायची होती. सगळ्यांना घेऊन सावळेरामबुवा आले, आणि मागून पखवाज घेऊन दाजी. मला बघून दारातच थांबले. मग आत आले, पखवाज मांडला.

भजनं चांगली झाली. सुरुवातीला मंडळाचं नि वादकांचं नाव सांगायचं होतं. बुवा म्हणाले, “कुंडलिक सांगंल. मंडळ त्यानंच हुभं केलंय.” दाजींनी सांगितलं. चार ठिकाणी अडखळले. मी कॉम्प्युटरवर तेवढे तुकडे कापले, सांधे जुळवले आणि मोठं काम केल्यासारखं त्यांच्या कानाला हेडफोन लावला.

“ह्यो क-कोण बोलतोय?”

“तुम्हीच, दाजी. नीट केलंय.”

“नीट?” हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “माझं हाय तसं घाल.”

मी तसं घातलं.

मंडळी चहाला गेली, दाजी मागं राहिले. म्हणाले, “भरत, त्ये गाणं म-म्हण.”

“नको, दाजी.”

“जत्रंत लई हसत व्हते लोक. मला धड ऐकू आलं न्हाई. म्हण आता.”

ठेका नाही, माणसं नाहीत. समोर खुर्चीवर दाजी. मी उभा राहून म्हणायला लागलो. त्या कडव्याला थांबलो, तर म्हणाले, “पुरं कर.” त्यांचं अडखळणं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, ताई. सगळं म्हटलं.

म्हणाले, “ब-बाकीचं चांगलं जमलं व्हतं. त्येवढं नको व्हतं करायला.”

“चुकलो, दाजी.”

“माझं मी बघून घेईन. पोरगी खांद्यावर व्हती. सगळी हसत्यात म्हणून ती बी हसली. घरी आल्यावर कुणीतरी तिला सांगितलं, ह्ये तुझ्या बापावर हाय. द-दोन दिवस जेवली न्हाई.”

एवढं बोलून ते चहाला गेले.

माफ कर असं लिहायला मी बसलो होतो, ते आता लिहीत नाही. भाऊबीजेला बोलाव असंही म्हणत नाही. संस्कृतीला एवढंच सांग, की ते गाणं मामानं केलं, मामाला बाबा दिसत होते तरी केलं, आणि हसली यात तिची काही चूक नव्हती. मी येऊन सांगावं असं वाटलं तर दोन ओळी टाक. ती म्हणेल तितका वेळ समोर बसेन.

तू ओवाळायचं सोडलंस, ते बरोबर केलंस.

तुझा भाऊ,
भरत