पाचव्या पंचाची सही

पार्सिपनी, न्यू जर्सी
मंगळवार (तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे, पण स्वयंपाकघरात सकाळनंतर परत जाणं मी सध्या टाळतो. कारण पुढे येईल.)

आयुष्मान एकनाथ यांस,
सप्रेम जयभीम.

तुझा डावा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? फोनवरच विचारलं असतं, पण तुझा फोन तुझ्या नातीच्या हातात असतो आणि माझ्या प्रत्येक निरोपाला तीच एक हसरं तोंड पाठवून मोकळी होते, म्हणून हे पत्र. माझी तब्येत उत्तम आहे. (उजवं कोपर, दोन्ही पोटऱ्या आणि बसायची जागा सोडून.) सोनल आणि जावई प्रफुल्ल मजेत आहेत. पत्रास कारण आहे, पण ते आधीच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, हे पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर बसून मी ओळखून आहे.

आधी फॉर्मचं सांगतो. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, केळ्यांच्या टोपलीखाली गेले अकरा दिवस पडून आहे. मी कायमचं इथेच राहावं म्हणून सोनलने वकिलाकडून तो भरून आणला. फक्त माझी सही बाकी. कागद एकदा पुढे गेले की बरेच महिने देशाबाहेर पाऊल टाकता येणार नाही, असं वकील म्हणतो. सोनल रोज सकाळी टोपली थोडी सरकवते, आणि मी एक केळं काढून टोपली परत जागेवर ठेवतो. (इतकी केळी मी जन्मात खाल्ली नव्हती.) तिचं चुकतंय असं मी म्हणत नाही. राधा जाऊन दोन वर्षं होतील. आईमागे बाप तिकडे एकट्यापुरता चहा करून पितो, हा विचार लेकीला छळतो. पण नेवाशाच्या घराला मी चार महिन्यांसाठी कुलूप लावलं होतं, एकनाथ. कायमचं लावलं नव्हतं.

माझं मन इथे रमावं म्हणून प्रफुल्लने मला मराठी मंडळाच्या रविवारच्या सायकल सहलीत भरती केलं; सोनल आणि तो, दोघंही बरोबर आले. इथल्या डोंगरी सायकलीला एकवीस गिअर आणि पुढे-मागे स्प्रिंगा असतात. घंटा, कॅरिअर, मडगार्ड, स्टँड यांतलं काहीही नसतं. त्यामुळे उतरलं की एकतर तिला धरून उभं राहायचं, नाहीतर आडवं झोपवायचं. (कालवा निरीक्षक म्हणून मी डाव्या कालव्याचे बावीस मैल ज्या सायकलवर फिरलो तिला एकच गिअर होता. तो म्हणजे मी.) प्रफुल्लच्या फोनमध्ये या रस्त्याचं वर्णन 'जेंटली रोलिंग' असं केलं होतं. म्हणजे एक टेकडी चढायची, उतरायची, आणि उतरून जे सुख मिळालं ते पुढच्या टेकडीला परत करायचं. दोन्ही बाजूंना कुरणं होती, लाल रंगाची कोठारं होती. फार सुंदर असावं, मी पुढच्या चाकाकडे बघत होतो. तिसऱ्या उतारावर प्रफुल्ल मागून ओरडला, "बाबा, फ्रंट ब्रेक एकदम दाबू नका, फ्लिप व्हाल!" ही सूचना मला झुडपात मिळाली. आमच्यात डॉक्टर चंद्रशेखर म्हणून निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी लगेच तपासून, कोपर हृदयापासून पुरेसं लांब असल्याचा निर्वाळा दिला.

मग कालवा आला, आणि माझा जीव भांड्यात पडला. तेच संथ पाणी, तोच भराव, भरावावरून तीच सपाट वाट. हा कालवा फार पूर्वी नावांसाठी खणलेला. काठावरून खेचरं चालत आणि दोराने नावा ओढत. त्याच वाटेवरून आता आपले सॉफ्टवेअर इंजिनिअर जातात. नावाही कधीच बंद झाल्या. म्हणजे एवढा काठोकाठ कालवा, आणि ना आवर्तन, ना पाळी, ना पाणीअर्ज, ना दोन भावांची मारामारी. मला ते बघवेना. मी सवयीने पाहणी करत चाललो, दर झाडाच्या मुळाशी उतरून. मागे खोळंबलेल्या मृणालिनीने (हिच्या पाठीवर सगळ्यांचा ढोकळा होता) दोनदा विचारलं की काका, काही पडलंय का तुमचं.

चौथ्या मैलाला वाटेखालून गेलेला एक काळा पाइप दिसला. एक तोंड कालव्यात, दुसरं पलीकडच्या भोपळ्यांच्या शेतात. तुला पुढचं सांगायला नको. मी सगळ्या सायकली आडव्या करवल्या आणि पाणीचोरीचा पंचनामा सुरू केला. कागद म्हणून कुणी कोणता पदार्थ आणायचा ती यादी होती, तिची मागची बाजू घेतली. (पंच दोनही चालतात हे मला माहीत आहे, पण परदेशात कुणी नावं ठेवायला नको म्हणून पाच घेतले.) डॉक्टरांची सही डॉक्टरांसारखीच आली. केदार म्हणून एक जण बँकेत सायबर सुरक्षा बघतो. त्याने एक अक्षर न वाचता सही ठोकली. मृणालिनीने सहीखाली 'बेस्ट विशेस' असं लिहिलं. प्रफुल्लने जावयाच्या नात्याने केली. पाचवी सोनल. ती म्हणाली, "सॉरी बाबा, न पाहता सही करायची नाही. तुम्हीच शिकवलंय."

आणि ती काठाशी उतरली, मेपलचं एक पान घेतलं आणि पाइपच्या तोंडाशी सोडलं. आपल्या खात्याच्या कॉलनीत सात वर्षांची असताना मीच तिला शिकवलं होतं, पान सोडायचं, त्याच्याबरोबर चालायचं आणि आकडे मोजायचे. पान आत गेलं नाही. बाहेर ढकललं गेलं. तिने दुसरं सोडलं. (एका वाचनावर विसंबू नये, हेही मीच शिकवलेलं.) तेही बाहेर आलं. एकनाथ, पाणी कालव्यातून शेतात जात नव्हतं, शेतातून कालव्यात येत होतं. शेत चढावर होतं, आणि ते मला दिसलं नव्हतं. त्या क्षणी मला माझीच इतकी लाज वाटली की कोपर दुखायचं थांबलं.

एवढ्यात मालकीणबाई ट्रॅक्टरवर आल्या. सत्तरीच्या असतील. हेल्मेटवाली माणसं आणि हातात कागद बघून त्यांना वाटलं, सरकारी पथक आलं. त्यांच्या शेतात झरा फुटून भोपळे कुजतात, पाइप पुरत नाही, आणि कचेरीत चार वर्षं अर्ज करूनही कुणी फिरकलं नव्हतं. खुलासा करायला सोनलने तोंड उघडलं, पण बाईंचा चेहरा बघून मिटलं. बाईंनी पंचनाम्याची प्रत मागितली. मी मूळच देऊन टाकला. मराठीतला तो कागद त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला एक भोपळा दिला. तुला माहीत आहे, चौतीस वर्षांत मी कुणाच्या बांधावरचं उसाचं कांडंही तोंडात घातलं नाही. हा भोपळा मी दोन्ही हातांनी घेतला, आणि तेव्हा कळलं की मी आता कुणाचाच निरीक्षक नाही. वाईट वाटलं, ते लपवत नाही. (कॅरिअर नसल्यामुळे भोपळा सगळ्या टेकड्यांवरून प्रफुल्लने पाठीवर वाहिला. त्याने सहलीबद्दल अद्याप मत दिलेलं नाही.)

एकंदरीत इथे माझं उत्तम चाललं आहे. काळजी नसावी.

तुझा,
दादाराव

ता. क. १ : फॉर्मवर सही करायचं मी जवळजवळ ठरवलं आहे. तुझ्या पडवीत ठेवलेली माझी सायकल कालव्यावर पाणी सोडणाऱ्या नव्या पाटकऱ्याला देऊन टाक.

ता. क. २ : सायकल देऊ नकोस. पत्राचं कारण असं. आमच्या घराची मागची भिंत ओल धरून फुगली आहे आणि मालकाने जातीने हजर राहणं आवश्यक आहे, असा एक पंचनामा करून सोनलच्या नावे पाठव. भिंत ठणठणीत आहे हे मला माहीत आहे. आयुष्यात खोटा पंचनामा केला नाही, म्हणून तुला सांगतो आहे. मला एकदा माझं कुलूप उघडून घर बघायचं आहे, एकनाथ. पंच पाच असावेत.

ता. क. ३ : पाकीट चिकटवून, इंग्रजीत पत्ता घालायला सोनलकडे देतो आहे. ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही. मीच शिकवलंय.

एकनाथकाका, जयभीम. पाकीट उघडलं, त्याबद्दल माफी. तेही न पाहता पुढे पाठवायला नको वाटलं. भिंत ओली आहे हे मला मान्य आहे, चार पंच शोधत फिरू नका. बाबांचं चौदा तारखेचं तिकीट काढलं आहे. परतीचं काढलेलं नाही. फॉर्म टोपलीखालीच राहील; घर बघून आल्यावर सही करतील, किंवा करणार नाहीत. ते गेल्यावर मला इथे फार सुनं वाटेल, हे त्यांना सांगू नका. सायकलीत हवा भरून ठेवा.
— सोनल, पंच क्रमांक पाच