न बदलणारं नाव

हायडेलबर्ग,
१२ नोव्हेंबर १९५७

ती. दादास,
वसूचा वाकून नमस्कार. वि. वि.

वहिनीनं पाठवलेलं मेतकूट पोचलं. घरमालकीण फ्राऊ लिंडनर यांना ते पायाला चोळायचं औषध वाटलं. मी भातावर घालून खाऊन दाखवलं तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. थंडी मी म्हणते आहे, पण खोलीतली शेगडी चांगली तापते, तेव्हा काळजी नको.

माझी ‘फ्रेंच बाई’ कशी आहे, असं तू विचारतोस. क्लोदीन द ब्रेसॉल तीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये भावाच्या घरी राहायची. लग्न केलं नाही. सकाळी लिहायची आणि दुपारी आल्यागेल्यांना वाचून दाखवायची. तिनं सहा कादंबऱ्या लिहिल्या आणि सहाही भावाच्या नावावर छापल्या गेल्या. भाऊ लष्करातला, रुबाबदार. लोकांनी स्तुती केली की मिशीला पीळ देऊन स्वीकारायचा. तिच्या पुस्तकांतल्या बायका भारी बोलक्या. मागणी घालणाऱ्याला नकार कसा द्यावा, यावर पानंच्या पानं वाद घालतात. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक म्हणतात की असा विषय घेतल्यावर मीही वादच घालणार. गेनाऊ, अगदी बरोबर!

तिच्या सहाव्या कादंबरीचा मराठी अनुवाद पुरा करून बोटीनं पाठवला आहे. दोन हिवाळे त्यात गेले. ऱ्हस्वदीर्घ तू बघ, आणि प्रकाशकांशीही तूच बोल. मला त्यातलं काही कळत नाही.

रविवारी दिनकर न्युरेम्बर्गहून आले होते. मे महिन्यात इथेच रजिस्टर लग्न करायचं ठरलं. त्यांच्या आईंनी माझं नवं नावही कळवलं आहे, मालिनी. बरं आहे ना? लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
वसू

सांगली,
२० जानेवारी १९५८

चि. वसूस,
अनेक आशीर्वाद.

हस्तलिखित मिळालं. मी वाचून ठेवलेली पानं तुझी वहिनी पळवते. कादंबरीतल्या त्या विधवेनं सरदाराला नकार दिला त्या दिवशी आमटीची फोडणी करपली. वसू, फार चांगलं उतरलं आहे. मला इतकं जमलं नसतं.

प्रकाशक दिवाळीत पुस्तक काढायला तयार आहेत. अडचण एकच आली. तोवर तू मालिनी ओगले झालेली असशील. ते म्हणाले की वसुधा मेहेंदळे नावाची बाईच तेव्हा नसेल, मग वाचकांनी पत्र घालायचं कोणाला? मालिनी ओगले छापावं, तर ती अजून जन्मायची आहे. मलाही ते पटलं. म्हणून माझं नाव घालायचं ठरवून टाकलं. ते काही बदलायचं नाही. प्रस्तावनेत तुझी मदत झाल्याचं आवर्जून लिहितो.

कॉलेजात प्राचार्यांना आनंद झाला. पुढच्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होते आहे, त्या दृष्टीनं बरं होईल म्हणाले. पायमोजे घालत जा. घरच्यांचे आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद

हायडेलबर्ग,
४ फेब्रुवारी १९५८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला राग आला. निवळेल म्हणून थांबले. निवळला नाही, म्हणून लिहिते.

त्या बाईची पुढची गोष्ट तुला सांगितली नव्हती. भाऊ वारला तेव्हा तिची सातवी कादंबरी तयार होती. ती घेऊन ती स्वतः पुस्तकविक्रेत्याकडे गेली. त्यानं फार अदबीनं सांगितलं की या कादंबऱ्यांचे लेखक निवर्तले, आता नवं पुस्तक कसं निघेल? त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, पण तिची एक ओळ छापली गेली नाही. ते सातवं पुस्तक मी कुठे कुठे शोधलं. नाही मिळालं. दादा, तू शंभर वर्षं जग. पण माझं पुढचं पुस्तक तुझ्या आयुष्यावर अवलंबून नको.

परवा आम्ही श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्न नोंदवायच्या कचेरीत, गेलो होतो. आडनाव बदलणार हे कारकुनाला समजलं. पहिलं नावही बदलणार म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. आल्झो, म्हणजे तर मग, आज इथे आलेल्या बाईंचं पुढे काय होणार, असं त्यानं विचारलं. दिनकर हसले. मला हसू आलं नाही.

प्रस्तावनेतली ‘मदत’ काढ. मी अनुवाद केला आहे. मदत तू केलीस, आणि ती मी विसरणार नाही. रागावू नकोस, किंवा रागावलास तरी पत्र लिही.

वसू

सांगली,
२६ फेब्रुवारी १९५८

चि. वसूस,
आशीर्वाद, आणि वर थोडा संकोच.

तुझं पत्र वहिनीनं माझ्याआधी वाचलं आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली की पहिल्या पानाच्या प्रुफावर स्वतःचं नाव पाहून तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत. पाहिलं खरं. छान दिसत होतं.

पुढे ती सहज बोलून गेली की माहेरी तिला गोदावरी म्हणायचे, आणि आता त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. आपल्या आईनं तिचं सुलेखा केलं, तेव्हा तांदळात ते नाव मीच लिहिलं होतं. आधीचं माझ्या ध्यानातही नव्हतं. आज मी गोदावरी म्हणून हाक मारून पाहिली. ती पाठ वळवून कणीक मळत राहिली. बराच वेळ वळली नाही.

प्रकाशकांकडे जाऊन नाव काढायला सांगितलं. पुस्तक थांबेल म्हणाले. थांबू दे म्हटलं. प्राचार्यांनाही खरं सांगितलं. त्यांनी ‘असं का’ म्हणून विषय बदलला, तेव्हा ती जागा गेली असं धरून चाल.

नाव कोणतं घालायचं, हे तुला आधी विचारायला हवं होतं. आता विचारतो.

तुझा,
दादा

हायडेलबर्ग,
९ मार्च १९५८

ती. दादास,
खूप खूप नमस्कार.

तुझं पत्र वाचून रडले. फ्राऊ लिंडनरना वाटलं घरी कोणी गेलं. उलट आहे म्हटलं.

दिनकरनी नावाबद्दल आपल्या आईंना लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की घरात त्या मालिनीच म्हणणार, पुस्तकाशी त्यांना कर्तव्य नाही. मला मान्य आहे. मालिनी म्हणून हाक आली तर ओ देईन. वहिनीला मात्र तू आता रोज हाक मार, ती वळेपर्यंत.

पुस्तकाला उशीर झाला तरी चालेल. खालची सही मुखपृष्ठासाठी आहे. मे महिन्यानंतरही हीच छापायची.

तुझी,
वसुधा नीळकंठ मेहेंदळे