न वाहिलेले भारे

दिग्गी, १९ जानेवारी २०२५

चि. रक्षिता,

तुला आणि पोटातल्या जिवाला आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. म्हैस व्याली, रेडी झाली. इथे फोन लागत नाही, म्हणून बायकोला भेटायला निघालेल्या वासूभावजींच्या हाती ही चिठ्ठी तुझ्या माहेरी, खानापूरला देते.

कंबर अजून दुखते म्हणे. जाडं मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांध. आधी हाताला लावून बघ, सोसवेल एवढंच हवं. कंबर दहा मिनिटं शेक, पोट नाही. डाव्या कुशीवर निजून गुडघ्यांमध्ये उशी घे. वाकून काही उचलू नकोस. पण पोट थांबून थांबून आवळलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर शेकत बसू नकोस, लगेच दवाखाना गाठ.

हे मला कुठून ठाऊक, असं तुला वाटेल. वाटायलाच हवं.

त्या दिवशी जोयड्याच्या बाजाराला टोपल्या भरून कंद न्यायचे होते. तू म्हणालीस, "अक्का, कंबर लई भरलीया. माझी बुट्टी तुमी घ्या की."

मी म्हटलं, "खानापूरच्या कंबरा काचंच्या व्हय गं? नववा लागेस्तवर मी भारे वाहिले. मला काय झालं?"

शेजारची देवकी हसली, "रानीसरकारांना पालखी आना!"

सातव्या महिन्यात तू गुमान बुट्टी डोक्यावर घेतलीस. जीपच्या वाटेवर ओढ्यापाशी बसलीस, ती उठवेना. दुसऱ्या दिवशी तुझे वडील येऊन तुला घेऊन गेले.

रक्षिता, मी एकही भारा वाहिला नव्हता. माझ्या संदीपच्या वेळी पाचव्यापासून सासूबाईंनी मला बुट्टीला हात लावू दिला नाही. मिठाने त्याच शेकायच्या. "तुळजे, कुशीवर हो गं," म्हणायच्या. तू येण्याआधीच त्या गेल्या. मग तुझी कंबर दुखली की सगळं घर विचारी, आणि मला विचारणारं कुणी उरलं नव्हतं. एवढ्यावरून मी, थोरली जाऊ, जळले.

बाळंतपणानंतर तू दिग्गीला येणार नाहीस, रामनगरात खोली बघायला सांगितलीस, असं भावजी म्हणाले. कारण तू त्यांना सांगितलं नव्हतंस. आज मी सांगितलं. ते चहा तसाच ठेवून उठले. मग मी देवकीलाही खरं सांगून आले. ती हसली नाही.

खोली घेतलीस तरी माझा राग नाही. ये, असं म्हणायचं तोंड मला नाही. बाळ झालं की तेवढं कळव.

'तुझी' लिहायला हात धजत नाही.

नुसतीच,
तुळजा